फुंकर मारणं आधी बंद कर

पत्र लांब होतं, कापून देतेय, शब्द त्याचेच आहेत.

"ताई, मी मिरजेचा, घरात सतार-तंबोऱ्याचं काम चार पिढ्यांचं. मी नक्षीचं बघतो, पट्टी कापणं बसवणं, आणि दोन वर्षं झाली गिटारवाल्यांच्या ऑर्डरी पण घेतो, शिसवीत किंवा काळ्या लाकडात शिंपला बसवायचा. छोट्या रोटरी मशीनवर करतो, रेघ दिसत नाही म्हणून फुंकर मारत मारत. सकाळी नाक शिंकरलं की तपकिरी येतं, खोकला जात नाही. मध्ये ठाण्याला बहिणीकडे आठ दिवस होतो तर खोकला गायब, परत आलो की दोन दिवसात चालू. चाचा म्हणतात आमची हयात ह्या भुशात गेली, काही झालं नाही (ते स्वतः रात्रभर खोकतात). कापडी मास्क घालतो, मागच्या भिंतीत एक्झॉस्ट आहे. मास्क कुठला घेऊ, मशीन कुठलं घेऊ? बजेट दहा हजार. घर वरतीच आहे, मुलगी दीड वर्षाची, सारखी खाली येते. आणि एका गिऱ्हाइकाला शिंपल्याऐवजी अकीक बसवून पाहिजे, करू का? – भुशातला, मिरज"

भुशातल्या भावा,

मास्क आणि धूळ ओढायचं मशीन दोन्हीचं सांगते, पण तू जे जाता जाता लिहून गेलास ना, "फुंकर मारत मारत", माझं सगळं लक्ष तिथेच अडकलं. कारण नक्षीकामात आणि बाकीच्या सुतारकामात फरक हाच आहे. दरवाजा घासणाऱ्याचं तोंड कामापासून दोन हात लांब असतं, तुझं एक वीतसुद्धा नसतं, डोळ्याला भिंग लावून तू त्या खाचेत वाकलेला असतोस, मशीन बारीक पीठ उडवतंय, तू दर पाच सेकंदाला फुंकतोस, ते पीठ खाचेच्या भिंतीला आपटून तुझ्याच तोंडावर येतं, आणि फुंकर मारून झाल्यावर माणूस काय करतो? श्वास आत घेतो. तोही खोल. म्हणजे दिवसभर तू स्वतःला चमच्या चमच्याने भरवतोयस.

मी पण हेच करायची, म्हणून माहितीय. वडिलांच्या कारखान्यात मी शिकले तेव्हा मास्क म्हणजे ओला रुमाल, आणि फुंकर मारणं हे तर कामाचा भागच, जसं शिंप्याने दाताने दोरा तोडावा तसं.

आता फुंकर बंद करायची तर रेघ कशी दिसणार. बरेच जण फिशटँकचा छोटा हवेचा पंप लावतात, त्याची बारीक नळी मशीनच्या टोकाशी बांधायची, मग हवेची धार सतत रेघेवर पडते. रेघ मस्त दिसते, पण ती पण फुंकरच झाली ना, फक्त तुझ्या फुप्फुसाऐवजी पंपाची. धूळ खोलीतच राहिली. म्हणून पंपाच्या समोरच्या बाजूला, खाचेपासून दोन बोटांवर, व्हॅक्यूमच्या पाइपचं तोंड पाहिजे. एकाने ढकलायचं दुसऱ्याने गिळायचं. पंपाची धार मंद ठेव, जोरात असली तर व्हॅक्यूमला चकवून पलीकडे जाते.

दोन बोटं म्हणजे दोन बोटंच हं, वीतभर नाही. लोक पाइप कामाच्या शेजारी कुठेतरी ठेवतात आणि म्हणतात मशीन ओढत नाही. अरे कुठलंच ओढणार नाही. मेणबत्ती हातभर लांबून फुंकून विझते, पण तेवढ्याच लांबून हवा ओढून विझवून दाखव बरं. फुंकलेली हवा धार धरून जाते, ओढलेली चारी बाजूंनी गोळा होऊन येते. पाइपचं तोंड सव्वा इंच असेल तर तोंडापासून सव्वा इंचावरच हवेचा वेग साधारण १० टक्के उरतो, आणि फुंकलेली धार तेवढी मंदावायला तोंडाच्या रुंदीच्या ३० पट अंतर जातं. हे एकदा कळलं ना की महागडं मशीन घ्यायचं की पाइप जवळ आणायचा, ह्याचं उत्तर आपोआप मिळतं.

त्यामुळे तुझ्या दहा हजारातला सगळ्यात कामाचा खर्च म्हणजे एक खोकं. प्लायचं, साधारण दीड फूट बाय एक फूट, चारपाच इंच उंच, वरच्या प्लायला भोकं पाडायची, पाव इंचाची, फक्त मधल्या तळहाताएवढ्या भागात, सगळीकडे नको नाहीतर ओढ वाटली जाते. बाजूला पाइप घुसेल असं एक भोक, बाकी सांधे फेविकॉलने बंद. शिंपला करवतीने कापायला ज्या फळीवर धरतोस, ती व्हीसारखी खाच असलेली, ती ह्या खोक्यावरच स्क्रूने बसव, भुसा खालीच पडतो तो थेट आत जातो. सतारीची दांडी किंवा गिटारची पट्टी खोक्यावर आडवी ठेवली तर खालून ओढ मिळत नाही, तेव्हा पाइप काढून वरून स्टँडला बांधायचा, टेबल लॅम्पचा जुना वाकणारा स्टँड चालतो.

मग एक उदबत्ती लाव. जिथे मशीनचं टोक असतं अगदी तिथे धर आणि धूर बघ. सरळ पाइपमध्ये गेला तर ठीक, तुझ्या नाकाकडे आला तर पाइप हलव. माझ्याकडे अजून ड्रॉवरमध्ये पुडा असतो, पाहुण्यांना वाटतं मी फार देवभोळी आहे.

आता व्हॅक्यूम कुठला. ओलं-सुकं दोन्ही ओढणारा, पंधरा-वीस लिटरच्या डब्याचा घे, पाचसहा हजारात येतो, पण घेताना दुकानदाराला मोटरचे वॅट विचारू नको, फिल्टर विचार. आत कागदी पिशवी बसते का, आणि हेपा फिल्टर मिळतो का. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण ९९.९७ टक्के अडवणारा. मी पहिल्यांदा घरातला जुना कापडी पिशवीचा व्हॅक्यूम लावला होता, तीन महिने खूश होते, टेबल एकदम स्वच्छ. एकदा गादीची पांढरी चादर त्याच्या मागे वाळत टाकली आणि संध्याकाळी बघते तर चादर बदामी. मोठा भुसा पिशवीत, आणि जो बारीक, जो खरा वाईट, तो मागून फुर्रकन बाहेर, तोही पंख्याच्या जोराने पूर्ण खोलीभर. म्हणजे व्हॅक्यूम नव्हता तेव्हाच बरं होतं. जमत असेल तर व्हॅक्यूमच बाहेर पॅसेजमध्ये ठेव आणि पाइप भिंतीतून आत घे, आवाजही कमी होतो. मुलगी ज्या दारातून येते तिकडे मात्र नको.

बारीक धुळीवर एवढं का बोलतेय ते पण सांगते. केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा. १० मायक्रॉनच्या वरचे कण बरेचसे नाकात घशात अडकतात, तुझ्या रुमालावर तपकिरी दिसतं ते हेच, ते निदान बाहेर तरी आलं. चारपाच मायक्रॉनच्या खालचे आत पार फुप्फुसाच्या शेवटच्या बारीक पिशव्यांपर्यंत जातात आणि ते तुला दिसतच नाहीत, तिरक्या उन्हाच्या पट्ट्यात चमकतात तेवढेच. १० मायक्रॉनचा हलका कण शांत हवेत एक मीटर खाली यायला पाचसहा मिनिटं घेतो, १ मायक्रॉनचा आठ तास. आठ तास! म्हणजे तू मशीन बंद केलंस, मास्क हनुवटीवर ओढलास आणि तिथेच बसून चहा प्यायलास तर तो चहा नुसता चहा नाहीये. काम थांबलं की बाहेर जा, मास्क बाहेर गेल्यावर काढ, चहा वर घे. आणि डोक्यावरचा पंखा घासकाम चालू असताना बंद, तो कणांना खाली बसूच देत नाही. मला माहितीय एप्रिलमध्ये मिरजेत हे बोलणं म्हणजे शिवी आहे. मग घासकाम सकाळी सातला उरकून घे, दुपारी बसवायचं चिकटवायचं काम.

एक्झॉस्ट तुझा मागच्या भिंतीत आहे म्हणजे तुझ्या समोरची धूळ तुझ्या तोंडावरून मागे जाते. तो समोर असता तरी फार फायदा नव्हता, कारण पाठीमागून येणारी हवा अंगाला वळसा घालून छातीपुढे भोवरा करते आणि धूळ तिथेच घुटमळते. टेबल नव्वद अंशात फिरव, म्हणजे हवा एका खांद्याकडून येऊन दुसऱ्या खांद्याकडे जाईल. फुकट काम आहे, आजच कर. आणि पंख्याच्या समोरच्या बाजूला दार-खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर पंखा नुसता फिरतो.

मास्क. कापडी सोड. कापडी आणि हिरवा सर्जिकल दोन्ही कडेने उघडे असतात, हवा सोपा रस्ता शोधते. एन९५ घे, पण डोक्यामागे दोन पट्टे असलेला, कानात अडकवायचा नको, तो गालापाशी सुटतो. नाकाची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाब, एका चिमटीत नको. घातल्यावर हाताने झाकून जोरात श्वास सोड, चष्म्यावर वाफ आली तर बसला नाही. रोज चारसहा तास काम असेल तर रबरी अर्धा मास्क घे, दोन बाजूंना बदलायचे फिल्टर असलेला, सुरुवातीला महाग वाटतो पण वर्षाचा हिशेब केला तर स्वस्त पडतो. फक्त लक्षात ठेव, धुळीचा फिल्टर वास अडवत नाही. फेविक्विकची वाफ, स्पिरिट, अराल्डाइट, ह्याला मास्कवर कोळशाचा वेगळा डबा लागतो.

आणि दाढी. तू लिहिलं नाहीस पण चाचांना असणार असं धरून चालते. दाढीवर कुठलाच घट्ट मास्क बसत नाही, केसांमधून हवा जाते. आता मी काही चाचांना दाढी काढा सांगणार नाही आणि तू पण सांगू नको, घरात महाभारत होईल. म्हणून तर म्हणते मास्क हा शेवटचा उपाय, खोकं आणि पाइप पहिला. धूळ टेबलावरच गिळली गेली तर दाढीवाल्याचा आणि बिनदाढीवाल्याचा दोघांचा फायदा आहे.

त्याहून आधीचा उपाय म्हणजे धूळच कमी करायची, आणि हे चाचांना तुझ्यापेक्षा जास्त येतं. पटाशीने कापलं की ढलप्या निघतात, मशीनने पीठ. ढलपी छातीत जात नाही. खाचेची कड मशीनने आणि मधला भाग पटाशीने, असं करून बघ. सगळं बसवून झाल्यावर वरून सपाट करताना पॉलिश पेपरऐवजी पोलादी पट्टीने किंवा जुन्या पद्धतीने काचेच्या तुकड्याने खरवड, पातळ किस निघतो, पेपर फक्त शेवटचे दोन हात, तोही ओला. चाचांकडून ते खरवडणं नीट शिकून घे. "काही झालं नाही"चं अर्धं उत्तर पण ह्यात आहे बघ, त्यांच्या तरुणपणी ही तीस हजार आरपीएमची मशीनं नव्हती, हाताच्या करवतीचा भुसा जाडा होता. भुसा तोच असं ते म्हणतात, तो तोच नाहीये. आणि तरी ते रात्री खोकतातच.

आता तुझ्या टेबलावर काय काय आहे, कारण सगळी धूळ सारखी नसते.

शिसवी सगळ्यात खोडकर. तिच्यात असे पदार्थ असतात की काहींच्या अंगावर पुरळ उठतं, माझ्या मनगटांवर उठायचं, मी दोन वर्षं साबण बदलत बसले. एकदा अंगाने शत्रू ठरवला की मग थोड्याशा धुळीनेही भडकतं. एकूणच लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ साली पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसात कॅन्सर करतो हे सिद्ध, नाकाचा आणि नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांचा. तसा तो आजार दुर्मिळ आहे, तुला घाबरवत नाहीये, पण "लाकूड आहे, नैसर्गिक आहे" हे कुणी म्हटलं तर ऐकून सोडून दे.

शिंपला म्हणजे बराचसा खडूचाच भाऊ, कॅल्शियम कार्बोनेट, पण थर चिकटवणारं एक प्रथिन असतं त्यात, आणि त्याची ॲलर्जी होऊ शकते. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नात शिंपल्याची बटणं वगैरे कातणाऱ्या कोवळ्या पोरांच्या हाडांना सूज यायची, डॉक्टरांनी तेव्हाच लिहून ठेवलंय. शिंपला ओलाच काप. वाटीत पाणी, ब्रशने रेघेवर सोडत राहायचं, सोनाराकडच्या बारीक पात्याच्या करवतीने. मशीनने कापायचं असेल तर पाणी आणि वायर ह्यांची गाठ घालू नको, बॅटरीवालं मशीन वापर. आणि तो पांढरा चिखल वाळायच्या आत पूस, वाळला की परत धूळच.

तंबोऱ्याची पांढरी पट्टी. ती घासताना कापराचा वास येतो का बघ. येत असेल तर ते सेल्युलॉइड, आणि ते भयंकर पेटतं, भुसा तर जास्तच. हा भुसा व्हॅक्यूममध्ये अजिबात ओढू नको, लाकडाच्या भुशासोबत डब्यात साठवून ठिणगीची वाट बघण्यासारखं आहे. ओल्या फडक्याने गोळा करायचा, पाण्याच्या डब्यात टाकायचा. पट्टीवर मशीन गरम होईपर्यंत फिरवायचं नाही, आणि त्या टेबलाजवळ उदबत्ती पण नको, आधी सांगितलेली टेस्ट तिथलं सगळं आवरून झाल्यावर. कापराचा वास नसेल तर बहुतेक साधं प्लास्टिक आहे, मग खोक्यावर चालेल.

भोपळा आतून खरवडायचं काम तुझ्याकडे येत असेल तर तेही ओलंच, आत बुरशी धरलेली असते. तसाही भिजवता ना तुम्ही भोपळा, मग खरवडणं त्याच वेळेला उरका.

आणि अकीक. इथे माझं उत्तर सरळ नाही असं आहे, निदान आत्ताच्या सेटअपवर तरी नाहीच. अकीक हा दगड म्हणजे सिलिका, वाळूत असते तीच. खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं कडक होण्याचा आजार) होतो, ह्याचा अभ्यास झालेला आहे, तरुण माणसं गेलीत त्यात, आणि तो आजार मागे फिरत नाही, काम सोडलं तरी वाढत राहू शकतो, वर टीबीचा धोका. लाकडाच्या धुळीत चूक झाली तर सुधारायला वेळ मिळतो, सिलिकात तेवढा मिळेलच असं नाही. गिऱ्हाईक सोडायचं नसेल तर मापं कागदावर काढून दे, दगड जिथे पाण्याखाली कापतात तिथून तयार तुकडे कापून मागव, तू फक्त खाच कोर आणि बसव. खाचेत दगड घट्ट होत असेल तर लाकूड कोर, दगड घासू नको. एवढं पाळता येत असेल तर घे ऑर्डर.

साफसफाई थोडक्यात. कोरडा झाडू बंद. झाडायचंच असेल तर आधी सडा मारतात तसं पाणी शिंपड. कॉम्प्रेसरने टेबल उडवायचं नाही, आणि संध्याकाळी अंगावर एअरगन मारून घ्यायची सवय असेल (असतेच) तर ती आजपासून बंद. कामाचा शर्ट खालीच खुंटीला, वर जाताना दुसरा. मुलगी तुझ्या छातीवर झोपत असणार, त्या शर्टावर नको. आणि ती खाली येते ते, दाराला कमरेएवढं अर्धं फाटक लाव, घासकामाच्या दिवशी तर लावच, कारण तू थांबलास तरी ते आठ तासवाले कण तिच्याच उंचीवरून खाली उतरत असतात.

ठाण्याची गोष्ट मात्र तू डॉक्टरला सांगायचीस, शब्दशः तशीच, आठ दिवस गेलो गायब, आलो दोन दिवसात चालू. ही कामाच्या जागेमुळे होणाऱ्या दम्याची चाल असू शकते, आणि तो लवकर सापडला तर फरक पडतो. खोकल्याचं औषध घेऊन ढकलू नको, छातीच्या डॉक्टरकडे जा, सांगली-मिरजेत तुम्हाला डॉक्टरांची काय कमी, बाहेरगावची लोकं तुमच्याकडे येतात. नुसता एक्सरे काढून "क्लिअर आहे" म्हणाले तर फुंकून करायची टेस्ट मागून घे, स्पायरोमेट्री. जमलं तर एकदा कामाच्या दिवसात आणि एकदा सुट्टीनंतर. सोबत कागदावर लिहून ने, शिसवी, शिंपला, फेविक्विक, अराल्डाइट, पॉलिश, कारण ते विचारतील "काय काम करता" आणि तू म्हणशील "सतारी बनवतो" आणि ते म्हणतील वा वा, २०२४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ना तुम्हाला, आणि विषय तिथेच संपेल. चाचांना पण ने. त्यांना तपासायचंय म्हणून सांगू नको, मला एकट्याला कंटाळा येतो म्हणून सांग.

एक राहिलं. पत्राच्या शेवटी तू बारीक अक्षरात विचारलंयस की शिंपल्याच्या कडेला फट राहिली तर काळ्या लाकडाची पावडर अराल्डाइटमध्ये कालवून भरतो, ते चालेल का. चालेल, सगळे तेच करतात, मी पण. फक्त त्यासाठी मशीनची धूळ जमवू नको, व्हॅक्यूमच्या पिशवीत तर हात घालूच नको. काळ्या लाकडाचा एक तुकडा घे, मास्क लावून, कागदावर कानशीने सावकाश घास, चहाच्या गाळणीने गाळ आणि झाकणाच्या डबीत ठेव. एवढी डबी वर्षभर पुरते. फेविक्विकसोबत भरत असशील तर एकदम ढीग टाकू नको, गरम होतं आणि डोळ्यात जाणारी वाफ सुटते, थोडं थोडं भर, आणि तोंड बाजूला.